लॅब फायनल करायच्या आधी तिथल्या पीएचडीवाल्यांना नेमकं काय विचारू? मंगळवारी भेटायला जातेय

कोनिकलफ्लास्क (शनिवार, रात्री ११:४०)

नमस्कार, बरेच महिने नुसती वाचत होते, आज लिहावंच लागतंय. एमएससी ऑरगॅनिक झालं, सीएसआयआरची जेआरएफ, म्हणजे रिसर्चसाठीची फेलोशिप, निघाली (दुसऱ्या अटेम्प्टला, घरी पेढे वाटून झालेत त्यामुळे आता माघार नाही). दोन गाइडनी तोंडी हो म्हटलंय, दोघंही मुंबईतच, नावं टाकत नाही कारण फील्ड एवढंसं आहे की इथेच कोणीतरी ओळखेल. एक सर मोठे आहेत, आठ पोरं, पेपर भरपूर, एनएमआर (कंपाउंडची रचना तपासायचं मशीन) त्याच बिल्डिंगमध्ये. दुसऱ्या मॅडम दोन वर्षांपूर्वी लागल्यात, दोनच स्टुडंट, अर्धी लॅब अजून खोक्यांत. दोघांनीही सांगितलं की ये, आमच्या पोरांशी बोल, मग ठरव. मंगळवारी सरांकडे, गुरुवारी मॅडमकडे.

तर प्रॉब्लेम असा की विचारायचं काय? वहीत लिहून काढलं, सर कसे आहेत, वर्कलोड किती, पेपर किती होतात, हॉस्टेल मिळतं का. वाचून बघितलं तर माझं मलाच वाटलं की ह्याला खरं उत्तर कोण देणारे. कॉलेजच्या एका सिनियरला त्याच्या लॅबबद्दल विचारलं होतं, तो म्हणाला "चांगलंय गं, ये" आणि पुढच्याच महिन्यात स्वतः सोडून फार्मा कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागला!! आईचा एकच प्रश्न आहे, किती वर्षं लागणार, आणि त्याचंही उत्तर माझ्याकडे नाहीये. सुरुवातीला तरी डोंबिवलीहून रोज येऊनजाऊन करणार आहे. ताई दादा लोक, प्लीज सांगा.

सहावं_चालू (रविवार, रात्री १२:२५)

"सर कसे आहेत" हे पान आधी फाड वहीतून. मला गेल्या सहा वर्षांत पंधरा एक जणांनी तरी हे विचारलं असेल आणि सगळ्यांना मी "चांगले आहेत" असंच सांगितलंय. आता विचार कर, दार उघडं, सर बाजूच्या केबिनमध्ये, माझी थिसिस त्यांच्या सहीसाठी अडलेली, आणि समोरची पोरगी मला दहा मिनिटांपूर्वी पहिल्यांदा भेटलेली, तू काय सांगितलं असतंस?

मत विचारू नकोस, घडलेलं विचार. "शेवटचं" हा शब्द पकडून ठेव. म्हणजे असं, शेवटचा ड्राफ्ट दिलात तो परत यायला किती दिवस लागले? ह्यात कोणाला वाईट बोलावं लागत नाही, नुसती तारीख सांगायची असते त्यामुळे लोक खरं बोलतात. माझा ड्राफ्ट गेला गणपतीत आणि परत आला होळीला, आणि त्यात बदललेलं होतं फक्त टायटल. आता ह्यावरून तुला माझ्या लॅबबद्दल जे कळलं ते "सर कसे आहेत"ने जन्मात कळलं नसतं. तसंच, शेवटचा पेपर गेला त्यात पहिलं नाव कोणाचं हे कधी ठरलं, काम सुरू करताना का सबमिट करायच्या आदल्या रात्री? शेवटची रिअ‍ॅक्शन फसली तेव्हा ग्रुप मीटिंगमध्ये काय झालं? शेवटची चार दिवसांची सुट्टी कोणी घेतली आणि मागितली कशी? हे एकाला विचारून थांबू नकोस, तिघांना वेगवेगळं गाठून तेच विचार. तिन्ही उत्तरं जुळली तर ठीक, एक जण म्हणाला दहा दिवस आणि दुसरा म्हणाला चार महिने तर समज की लाडका आणि नावडता असा प्रकार आहे.

आणि आईच्या प्रश्नाचं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, पुढे री-रजिस्ट्रेशन करून आणखी २ मिळू शकतात. पण तुझी फेलोशिप मात्र एकूण ५ वर्षंच, पहिली दोन वर्षं ३७,००० आणि एसआरएफ (सिनियर फेलो) झाल्यावर ४२,००० (हा रेट जानेवारी २०२३ पासूनचा), हॉस्टेल नसेल तर वर एचआरए. आता ५ आणि ६ मधलं ते जे एक वर्ष आहे ना त्याबद्दल कोणीच बोलत नाही. म्हणून सगळ्यात सिनियर जो असेल त्याला गाठून विचार, दादा फेलोशिप संपल्यावर तुम्हाला पैसे कुठून येतात? सरांच्या प्रोजेक्टमधून येत असतील तर बरंय. मी अकरावी बारावीच्या ट्यूशन घेतो. मोल कन्सेप्ट आता झोपेत शिकवू शकतो.

वडापाव_विथ_एनएमआर (रविवार, सकाळी ९:०५)

वरचं सगळं बरोबर आहे पण विचारायचं कुठे ते कोणी सांगितलंच नाही. लॅबमध्ये नाही, कॅन्टीनमध्ये पण नाही, तिथे बाजूच्या टेबलावर डिपार्टमेंट बसलेलं असतं. गेटबाहेरच्या टपरीवर ने आणि चहाचे पैसे तू दे. आणि फर्स्ट इयरवाल्याला अजिबात विचारू नको, त्याचा हनिमून पिरियड असतो, त्याला पिपेटसुद्धा सुंदर दिसते. थर्ड फोर्थ इयर पकड.

सोडून_आलेली (रविवार, दुपारी १:५०)

मी दीड वर्षानंतर एक लॅब सोडली, नंतर दुसरीकडे नव्यानं सुरू करून गेल्या वर्षी व्हायवा झाला. म्हणून दोन्ही बाजू माहीत आहेत.

पहिल्या लॅबला भेट द्यायला गेले होते तेव्हा खिडकीजवळ एक डेस्क रिकामं होतं, ड्रॉवरवर सेलोटेपनं चिकटवलेलं नाव अर्धं खरवडलेलं, आणि खाली एक स्टीलचा डबा, झाकण उघडं, आत चमचा. मी विचारलं इथे कोण बसतं, तर एकजण म्हणाला कोणी नाही, तू बस. मला इतका आनंद झाला की खिडकी मिळाली!! त्या डेस्कवर माझ्या आधी दोन जण बसून गेले होते हे मला सात महिन्यांनी कळलं. डबा त्यातल्या दुसऱ्याचा.

तर तू सरळ विचार की गेल्या पाच वर्षांत किती जण आले, किती सबमिट झाले, किती मध्येच गेले आणि जे गेले ते आता कुठे आहेत. सोडून जाणं म्हणजे गाइड वाईट असं काही नाही, कोणाचं लग्न होतं, कोणाला नोकरी लागते, कोणाला मुळात नकोच असतं. पण गेलेल्यांबद्दल लॅबमधली पोरं कशी बोलतात ते कान देऊन ऐक. "अरे तो ना, आता हैदराबादला आहे, परवाच फोन होता" असं बोलत असतील तर मस्त. "त्याला झेपलं नाही" एवढंच बोलून विषय बदलला तर त्या माणसाचा नंबर शोध.

आणि जायच्या आधी घरी बसून करायचं एक काम. शोधगंगावर जा (इन्फ्लिबनेटची साइट, देशातल्या विद्यापीठांच्या थिसिस तिथे फुकट वाचता येतात) आणि गाइडचं नाव टाक. सर्टिफिकेटच्या पानांवर बऱ्याचदा रजिस्ट्रेशनची तारीख सापडते आणि सबमिशनचा महिना मुखपृष्ठावर असतोच, वजाबाकी कर, आईचं उत्तर तयार. मग अ‍ॅक्नॉलेजमेंट वाच. प्रत्येक थिसिसमध्ये लॅबमेट्सची नावं असतात, ती एका कागदावर उतरव, आणि बघ त्यातल्या किती जणांची स्वतःची थिसिस पुढे आली. मी हे आधी केलं असतं तर दीड वर्ष वाचलं असतं. तीन थिसिसमध्ये मिळून अकरा नावं होती आणि त्यातली चार पुढे कुठेच नव्हती, ना थिसिस, ना पेपर. आता सगळ्या थिसिस अपलोड असतातच असं नाही आणि काही जण तेव्हा अजून चालू असतील, तेवढी सूट दे.

मास्तर_बोलतोय (रविवार, रात्री १०:१५)

मी स्वतः गाइड आहे, असिस्टंट प्रोफेसर, त्यामुळे इथे शिव्या पडायची तयारी ठेवूनच लिहितो. वरचं बहुतेक सगळं पटलं, ड्राफ्टचं वाचून माझ्या टेबलावरचा एक ड्राफ्ट आठवला आणि पोटात गोळा आला, उद्याच देतो. पण दोन गोष्टी राहिल्यात.

एक, पोरं कधी बोलतायत हे बघ. थिसिस लिहिणाऱ्याला भेटलीस तर तो गाइडला, लॅबला, विज्ञानाला, मुंबईच्या हवेला, सगळ्यालाच शिव्या घालेल, आणि पेपर ॲक्सेप्ट झालेल्या आठवड्यात भेटलीस तर गाइड देवमाणूस. एकाच्या बोलण्यावर लॅब सोडू नकोस आणि पकडूही नकोस.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. तुझ्या मोठ्या सरांकडे आठ पोरं आहेत म्हणालीस. यूजीसीच्या नियमात प्रोफेसरला एका वेळी आठच घेता येतात, असोसिएटला सहा, माझ्यासारख्याला चार. (आयआयटींचे नियम त्यांचे स्वतःचे असतात, तिथे हे आकडे लावू नका.) ते आठही रजिस्टर झालेले असतील तर कोटा फुल. मग तू नववी कशी? कोणीतरी सबमिट होईल तेव्हा तुझी जागा होणार, आणि तोपर्यंत तू जेआरएफवर जॉइन होऊन काम करत राहणार, फेलोशिपचं मीटर जॉइन केल्या दिवसापासून चालू आणि पीएचडीचं रजिस्ट्रेशन अधांतरी. जागा कोणाची रिकामी होणार ते नावानिशी विचार आणि त्या पोराला जाऊन भेट. त्याचा सिनॉप्सिस (थिसिसच्या आधी द्यायचा सारांश) झालाय का, हे एवढंच विचार. तसंच सरांना रिटायर व्हायला किती वर्षं आहेत ते पण काढ, तीन वर्षांपेक्षा कमी सर्व्हिस उरली असेल तर नवा विद्यार्थी घेताच येत नाही.

पैशांचं पोरांना असं विचार की एखादं केमिकल सांगितल्यापासून हातात पडेपर्यंत किती दिवस जातात. आठवड्यात येत असेल तर प्रोजेक्ट चालू आहे. तीन कोटेशन, फाइल, अकाउंट्स, मार्च एंड, असं ऐकायला मिळालं तर समज. तुझ्या फेलोशिपसोबत काँटिन्जन्सी (कामाच्या किरकोळ खर्चाचे पैसे) येते ती वर्षाला २०,००० आणि ती सॉल्व्हंट आणि सिलिकातच संपते, त्यावर पीएचडी होत नाही.

मॅडमच्या नव्या लॅबबद्दल लोक उगाच घाबरवतील. नवीन गाइडची पहिली तुकडी सगळ्यात जास्त शिकते, कारण गाइड स्वतः हातात स्पॅनर घेऊन उभा असतो. पण सेटअपमध्ये दोन वर्षं जाऊ शकतात, हेही खरं.

कोनिकलफ्लास्क (सोमवार, सकाळी ८:३५)

बापरे, कोट्याचं तर डोक्यातच नव्हतं!! सगळ्यांना खूप थँक्स, वही नव्यानं लिहितेय. अजून एक विचारू का, थोडं ऑकवर्ड आहे. रात्री उशिरापर्यंत थांबावं लागतं का, हे विचारलं की पोरीला कामच करायचं नाही असा अर्थ निघतो का? कॉलम (मिश्रणातून प्रॉडक्ट वेगळं करायची नळी) लावला की तो काही ट्रेनचं टाइमटेबल बघून थांबत नाही हे मला कळतं, पण तरी.

बदलापूर_फास्ट_नाही (सोमवार, सकाळी ११:२०)

विचार गं, बिनधास्त विचार, पण पोरांना नको, पोरींना विचार आणि एकटीला गाठून. मी चार वर्षं बदलापूरहून केलं. "उशीर होतो का" असं विचारलंस तर "कधीकधी" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा ग्रुप मीटिंग कितीला सुरू होते आणि कितीला संपते ते विचार. आमची शनिवारी संध्याकाळी सहाला सुरू व्हायची, सरांचं घर कॅम्पसमध्येच, ते चप्पल घालून यायचे. मी सव्वानऊला उठले की सगळे घड्याळाकडे न बघता माझ्याकडे बघायचे.

बाकी साध्या गोष्टी आहेत पण त्याच नडतात. लेडीज टॉयलेट त्याच मजल्यावर आहे का आणि रात्री कुलूप लागतं का. लॅबमध्ये रात्री एकटं काम करायला परवानगी आहे का (नसावी, ज्या लॅबमध्ये "कोणी काही बोलत नाही" असं उत्तर येईल तिथे सेफ्टीचं बाकीचं पण तसंच असणार, एक्स्टिंग्विशरवरची तारीख बघून ये). आणि हा माझा आवडता, गेल्या जुलैत सायन-कुर्ल्याला पाणी भरून गाड्या बंद पडल्या त्या दिवशी सर काय म्हणाले? माझे सर म्हणाले होते, "दादरची पोरं आली की." दादरची!!

आणि सरांकडे आजवर किती मुली सबमिट झाल्या ते मोज. पुढेमागे लग्न, बाळ वगैरे असेल तर नियमात २४० दिवस मॅटर्निटी लीव्ह आहे आणि बायकांना मुदतीत २ वर्षं जादा मिळतात, पण कागदावर असणं वेगळं. त्या लॅबमध्ये कोणी घेतलीये का ते विचार. घेतली असेल तर तिलाच भेट.

वडापाव_विथ_एनएमआर (सोमवार, दुपारी १२:०२)

दादरची पोरं 😂 हे सर मला ओळखीचे वाटतायत

बदलापूर_फास्ट_नाही (सोमवार, दुपारी १२:१०)

नाव घेतलंस तर बघ

कोनिकलफ्लास्क (गुरुवार, रात्री ९:४८)

अपडेट. दोन्हीकडे जाऊन आले, लांबलचक आहे, सॉरी.

मंगळवारी सरांकडे. मला कॉन्फरन्स रूममध्ये बसवलं, पाच जण आले, सोबत पोस्टडॉक दादा पण बसले, मध्ये बिस्किटांची प्लेट. काहीही विचारलं की सगळे आधी पोस्टडॉक दादांकडे बघायचे. वातावरण छान आहे, सर सपोर्टिव्ह आहेत, वगैरे. मग तुमचं "शेवटचं" वापरलं. ड्राफ्ट परत यायला किती दिवस, तर दोन आठवडे, दहा दिवस, तीन आठवडे. म्हणजे खरंच चांगलं आहे हे! पहिलं नाव कोणाचं तेही सुरुवातीलाच ठरतं म्हणाले. मग मी विचारलं की सरांना शेवटचं कोण म्हणालं होतं की ही आयडिया चालणार नाही? सगळे गप्प. एकजण हसला आणि बिस्किट घेतलं.

लॅब दाखवायला नेलं तेव्हा फ्रिजवर एक प्रिंटआउट होता, दहानंतर येणाऱ्याला ५० रुपये, पार्टी फंड, आणि खाली नावं आणि टिकमार्क. सगळे म्हणाले अगं गंमत आहे ती. असेलही. पण एका मुलीच्या नावापुढे अकरा टिक होत्या आणि बाकी सगळ्यांच्या मिळून चार. ती विरारहून येते.

आता मॅडम. गेले तेव्हा त्या स्वतः खाली बसून व्हॅक्यूम पंपाचं तेल बदलत होत्या, हात काळे, मला म्हणाल्या दोन मिनिटं हां. मग किल्ल्या पोरांकडे देऊन लेक्चरला निघून गेल्या, त्यामुळे दोघंही मोकळे बोलले. त्यातल्या एकानं लॅबबुक उघडून दाखवलं, एकच स्टेप चौदा वेळा फसलेली, चौदाव्या पानावर मॅडमच्या अक्षरात "सब्स्ट्रेटच बदलूया का? बोलू" असं लिहिलेलं. एनएमआर नाहीये, सॅम्पल पवईला आयआयटीतल्या सैफला (बाहेरच्यांचे सॅम्पल तपासून देणारं सेंटर) पाठवतात, नंबर लागेपर्यंत थांबायचं, मग तोपर्यंत ते प्रॉडक्ट टिकलं तर टिकलं. किती वर्षं लागतील विचारलं तर म्हणाले आम्हालाच माहीत नाही, आमच्यातलं कोणी अजून पोचलंच नाहीये तिथपर्यंत. पेपर एकच, तोही अजून रिव्ह्यूमध्ये. ग्रुप मीटिंग बुधवारी दुपारी अडीचला.

आता कोट्याचं. सरांकडे जागा ज्याची रिकामी होणार त्याला भेटले. सिनॉप्सिस झालाय का विचारल्यावर "होतोय" म्हणाला. बाजूचा म्हणाला, गेल्या दिवाळीतपण होत होता.

आणि ती विरारवाली मला गेटपर्यंत सोडायला आली. रस्ताभर लोकलवरच बोलत होती, लेडीज डबा, बोरिवलीला चढणाऱ्या बायका वगैरे, आणि रिक्षा थांबल्यावर मी न मागता मोबाइल काढून एक नंबर पाठवला. म्हणाली ही माझ्या आधी होती, बोल तिच्याशी.

सोडून_आलेली (गुरुवार, रात्री १०:०५)

केलास का फोन??

कोनिकलफ्लास्क (शुक्रवार, संध्याकाळी ७:३२)

केला, आत्ता ट्रेनमधूनच लिहितेय. पाऊण तास बोलली. सरांना एक शब्द वाईट बोलली नाही, उलट म्हणाली केमिस्ट्री त्यांच्याकडूनच शिकले. फक्त जॉइन झाल्यापासून सव्वा वर्ष रजिस्ट्रेशनच झालं नाही, दर महिन्याला "पुढच्या महिन्यात", आणि मग एक दिवस घरी बसून उरलेले महिने मोजले आणि नोकरी घेतली. मास्तर, तुम्ही म्हणालात तेच.

सरांना मेल लिहून ठेवलाय, माझं रजिस्ट्रेशन कोणाच्या जागेवर आणि कोणत्या महिन्यात होणार ते कळवाल का, असं. तीनदा खोडून लिहिला, उद्धट वाटतोय का बघा म्हणून इथे टाकणार होते पण राहू दे, कोपर गेलं, दारात यायला हवं नाहीतर उतरताच येणार नाही.